पारड्यावरचा अंगठा

"गोग्या, उठलास का?"

हा प्रश्न रोज सकाळी स्वयंपाकघरातून निघे, बोळातून वळे आणि बंद दारावर येऊन आदळे. त्याला उत्तर अपेक्षित नसे. उत्तर आलं तरी ताईचा त्यावर विश्वास नसे, कारण 'उठलो' हा शब्द तो गाढ झोपेतही बिनचूक म्हणू शकत असे. मग थोड्या वेळाने तोच प्रश्न पातेल्यावर झाकण आपटल्याच्या आवाजासकट परत येई. तिसऱ्यांदा येई तेव्हा तो प्रश्न राहिलेला नसे.

त्याचं वय पन्नाशीला टेकलं होतं. बाहेरचे लोक त्याला काटेवाले म्हणत, कारण दुकानांतले, बेकऱ्यांतले, औषधांच्या कारखान्यांतले वजनकाटे तपासणं आणि दुरुस्त करणं हे त्याचं काम. ताईला मात्र तो गोग्या. लहानपणी त्याच्या चालीवरून त्याला गोगलगाय म्हणत, त्यातलं झिजून झिजून एवढंच शिल्लक राहिलं होतं. ताई त्याच्यापेक्षा बरीच मोठी. ती एका दंतशाळेत कवळ्या बनवायची. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवत, आणि ताई त्यावर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवत असे. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. का झाली नाहीत, हे विचारणारी माणसं एक तर थकली होती नाहीतर वारली होती. आई गेल्यावर घरात दोघंच उरली, आणि खुंटीवरचा स्वेटर उचलून अंगात घालावा तसा आईचा सकाळचा आवाज ताईने न बोलता स्वतःवर चढवला.

तो उठला की न्हाणीघराच्या दाराची बिजागरी करकरे. तेवढ्यावरून ताईला कळे की स्वारी एकदाची हलली. पण खरी सकाळ त्यानंतर सुरू व्हायची.

"ताई, माझी किल्ली?"

"कुठली?"

"हत्यारांच्या पेटीची."

"काल कुठे ठेवलीस?"

"ते आठवलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

"डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून, नाहीतर रोज सकाळी तेही मीच शोधून दिलं असतं. पॅंटच्या खिशात बघ. त्या पॅंटच्या नाही रे, कालच्या."

"कालची तू भिजवलीस."

"म्हणजे आता चूक माझी."

मग ताई गॅस तसाच सोडून बोळात येई, तो बोळातून स्वयंपाकघरात जायला निघे, आणि त्या अरुंद बोळात दोघं समोरासमोर अडकत. तेवढ्यात चहा उतू जाई. खुर्च्या सरकत, कप्पे उघडून आपटत, आणि शेवटी किल्ली ताईलाच सापडे, कधी बुटात, कधी साबणाच्या वडीमागे. एकदा ती पावाच्या डब्यात निघाली.

"पावाच्या डब्यात किल्ली ठेवणारा माणूस लोकांच्या काट्यांच्या चुका काढतो," ताई म्हणाली.

"बाहेर सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? लोक मलाच विचारतील, इतकी वर्षं तू काय शिकवलंस म्हणून."

ताईला घरातली कुठलीही वस्तू सापडे. तिची स्वतःची तर कधी हरवतच नसे. मेण कोरायची तिची सुरी, लाकडी मुठीची, ती विद्यार्थिनी असल्यापासून तिच्याकडे होती. ती संध्याकाळी जिथे ठेवी तिथूनच सकाळी उचली. घरातून निघताना मात्र ती जिन्याच्या कठड्याला धरून एक क्षण उभी राहायची. दम लागलेला असे, कानशिलं लाल झालेली असत. तो मागून दार ओढून घेत असे आणि त्याला वाटे, ताई दाराच्या किल्लीसाठी थांबली आहे.

*

एका संध्याकाळी ताई डॉक्टरांकडून आली ती बीपी मोजायचं छोटं यंत्र घेऊनच.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"म्हणाले, सकाळी फार चढतं. संध्याकाळी बरं असतं. म्हणाले, रोज सकाळी तुमच्या घरात असं होतं तरी काय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझा भाऊ होतो."

तो हसला. तीही हसली. मग यंत्राचा पट्टा नीट गुंडाळत ती म्हणाली, "तिचा परत फोन आला होता."

'ती' म्हणजे ताईची मैत्रीण. दंतशाळेत ताईच्या शेजारच्या टेबलावर तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. आता ती दूरच्या एका गावी राहायला गेली होती आणि तिथे तिने स्वतःची लहानशी दंतशाळा काढली होती.

"म्हणते, ये आता इकडे. वरच्या मजल्यावर खोली आहे. खिडकीतून तळं दिसतं म्हणे. काम खाली, खोली वर. सकाळी नुसता जिना उतरायचा."

"मग?"

"मग काय? एक तर या घरातली सकाळ बदलायला हवी, नाहीतर मला घर बदलायला हवं." हे ती हसतच म्हणाली, आणि भाजी चिरायला उठली.

त्याने ते हसण्यावारी नेलं नाही. कामामुळे त्याला एक सवय होती. दोन वाक्यांतलं हसू बाजूला काढून उरलेलं वजन तो बघत असे, आणि हे वजन थोडं नव्हतं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या मनात जे आलं ते अगदी साधं होतं. ताई गेली तर 'गोग्या' हे नाव घेणारं जगात कोणी उरणार नव्हतं. काटेवाले पुष्कळांना हवे होते. गोग्या एकाच माणसाला ठाऊक होता.

'ताई, थांब' हे शब्द त्याच्या जिभेवर येणं शक्य नव्हतं. त्या घरात असली वाक्यं कोणी कधी बोललंच नव्हतं. पण सकाळ बदलणं? हे काम होतं, आणि काम त्याला कळत असे.

*

काटा स्थिर होत नसला की नवशिका माणूस सगळे स्क्रू एकदम फिरवतो आणि मग कशाने काय झालं हे कुणालाच कळत नाही. तो आधी नुसता बघत बसे. टेबल हलतंय का, वरून पंख्याचा वारा येतोय का, शेजारी कुणी दार आपटतंय का. काट्याला दोष सगळ्यात शेवटी द्यायचा. आणि बदल करायचा तो एका वेळी एकच.

पुढच्या काही सकाळी त्याने बोलणी खाता खाता घर ऐकलं. कुठला आवाज कशातून निघतो, त्याच्या मागे कुठला, त्याच्याही मागे कुठला, असा तो माग काढत गेला. चहा उतू जातो कारण ताई बोळात येते. ताई बोळात येते कारण किल्ली सापडत नाही. खुर्ची आदळते कारण तो मोजे घालायला बसतो तेव्हा निघायची वेळ होऊन गेलेली असते. वेळ होऊन जाते कारण तो उठत नाही. प्रत्येक वाट फिरून फिरून एकाच माणसापाशी येत होती. निष्कर्ष फारसा आनंदाचा नव्हता, पण निदान स्वच्छ होता.

पहिला बदल किल्लीचा. दाराशेजारी त्याने एक खिळा ठोकला आणि घरात शिरलं की पहिल्यांदा किल्ली त्यावर अडकवायची अशी हाताला सवय लावली. ती बसेपर्यंत दुसरं काही केलं नाही. मग कपडे आदल्या संध्याकाळी काढून ठेवायला लागला, मोजे बुटांत खोचून. मग दाढी संध्याकाळी. मग न्हाणीघराच्या बिजागरीत त्याने काट्यांना घालतात ते पातळ तेल सोडलं, आणि इतक्या वर्षांची करकर एका थेंबाने बंद झाली. वजनांच्या जुन्या पेटीत हिरव्या बनातीचं अस्तर होतं. त्याचे गोल तुकडे कापून त्याने खुर्च्यांच्या पायांखाली चिकटवले. शेवटी उठण्याची पाळी आली. घड्याळ उशीखाली ठेवून तो ताईच्या आधी उठू लागला.

त्यात एकदा घोटाळा झाला. अंधारात, आवाज न करता चहाचं आधण ठेवून तो ओट्याशी उभा होता. ताई डोळे चोळत आत आली, दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि तिच्या हाताला बटणाऐवजी त्याचा दंड लागला. ताईने अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले. त्या सकाळचा आकडा बघून यंत्रच बिघडलं असावं असं दोघांचंही मत पडलं.

"तू इथे काय करतोयस?" श्वास जागेवर आल्यावर ताईने विचारलं.

"चहा."

"कुणासाठी?"

"आपल्यासाठी."

"बरं वाटत नाहीये का तुला?"

त्यानंतर तो ओट्यावरचा लहान दिवा लावून ठेवू लागला.

आकडा खाली येत होता. एकदम नाही, पण येत होता. ताई रोज सकाळी चहाआधी टेबलाशी बसून दंडाला पट्टा बांधी, यंत्र घरघरे आणि मग ती आकडा मोठ्याने वाची. तो पाठमोरा उभा राहून ऐके. आपण दुरुस्त केलेल्या काट्यावर प्रमाणित वजन ठेवलं आणि आकडा अचूक आला की जसं वाटतं तसं त्याला वाटे. ताई कुठे जात नाही आता, तो मनात म्हणे.

*

त्याच्या गिऱ्हाइकांत एक बेकरीवाला होता. दोघांची ओळखच मुळी अंगठ्यावरून झाली होती. फार पूर्वी तो बेकरीचा काटा तपासायला गेला असताना बेकरीवाला एका बाईला बिस्किटं जोखून देत होता आणि त्याच्या अंगठ्याची कड पारड्याला हळूच टेकलेली होती. काटेवाल्याने ते दारातूनच पाहिलं. पारड्यावरचा अंगठा त्याला कितीही गर्दीतून दिसे. काटा बिघडलेला असेल तर त्याला माफ होता, कारण बिचाऱ्या काट्याला आपण चुकतो आहोत हे माहीत नसतं. अंगठा त्याला माफ नव्हता. बाई गेल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "काटा बरोबर आहे तुमचा. हात तपासून घ्या." बेकरीवाला आधी संतापला, मग ओशाळला, आणि मग त्यांची मैत्रीच झाली.

"काय काटेवाले, आजकाल दिवस उजाडायच्या आत हजर," बेकरीवाला म्हणाला. "शर्टाला इस्त्री, दाढी गुळगुळीत. लग्नबिग्न ठरलं की काय या वयात?"

"ताईचं बीपी वाढलं होतं. सकाळी घरात शांतता ठेवतोय."

"ठेवता येते?"

"येते की. एकेक आवाज काढून टाकायचा."

बेकरीवाल्याने पिठाचे हात झटकले. "आमच्याकडे मात्र उलटं आहे. हे पीठ मळायचं यंत्र बघा, पहाटेपासून धडधडतं. बायको वर निवांत झोपलेली असते. आणि एखाद्या दिवशी हे बंद पडलं, की ती केस मोकळेच सोडून धावत खाली. म्हणते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही झालं, म्हणून तर आवाज नाही."

दोघंही हसले. काटेवाल्याने पारड्याखालची पिठाची पुटं कुंचल्याने झाडली, काटा पुन्हा समपातळीत आणला, आणि बेकरीवाल्याचं बोलणं तिथेच सोडून पुढच्या दुकानात गेला.

*

मग एक सकाळ अशी आली की त्या घरात काहीच वाजलं नाही.

चहा कपांत होता. पाव भाजलेला होता. डबे भरून दाराशी ठेवलेले होते, किल्ली खिळ्यावर होती, खुर्ची बनातीवर सरकली तेव्हा फक्त हवा हलल्यासारखं झालं. ताई आली, बसली, पट्टा बांधला. आकडा आला तसा तिने वाचला. उत्तम होता. मग तिने पट्टा सोडला आणि हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. करायला काही उरलंच नव्हतं. नजर ओट्यावर गेली, ओटा पुसलेला होता. दाराकडे गेली, सगळं जागच्या जागी होतं. तो समोर बसून चहा पीत होता, कपडे करून, भांग पाडून.

"गोग्या, उठलास का?" ती म्हणाली.

तोंडातून निघून गेल्यावर तिच्याच लक्षात आलं.

"सवय," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

आता निघायच्या आधी वेळ उरू लागला होता. त्या वेळात काय बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती दोघं फक्त काहीतरी शोधता शोधताच बोलली होती, हे तेव्हा त्याला जाणवलं नाही. त्याला एवढंच दिसलं की ताई कधी कधी दाराशी थांबून खिळ्यावरच्या किल्लीकडे बघत असते. एकदा तिने ती बोटाने हलकेच हलवली आणि तिचं झुलणं थांबेपर्यंत बघत राहिली. खूष आहे, असं त्याला वाटलं.

एका संध्याकाळी ताईने जेवणं आटोपल्यावर भांडी तशीच ठेवली आणि त्याच्यासमोर येऊन बसली. भांडी ठेवून ती कधी बसत नसे.

"मी तिला हो म्हणायचं म्हणतेय," ती म्हणाली.

"कोणाला?"

"कोणाला काय? तळ्याकाठी जाईन म्हणते. उद्या सकाळी चहा झाला की फोन करून नक्की सांगते म्हटलंय तिला."

त्याला सुचलं ते फार वाजवी होतं. "पण आकडा तर खाली आलाय."

"तेच तर."

"तेच तर म्हणजे?"

ताईने टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने एकत्र केला. "खरं सांगू? बीपीचं सोड. ती किती वर्षं बोलावते आहे. मला जायचंच होतं रे. पण मला वाटायचं, मी गेले तर हा सकाळी घराबाहेर तरी पडेल का? पायांत दोन वेगळे मोजे घालून औषधांच्या कारखान्यात जाईल. काम जाईल याचं. आई असती तर म्हणाली असती, याला सोडून जाववलं तरी कसं तुला. आता बघतेय मी इतके दिवस. मला हाक मारावी लागत नाही. काही शोधावं लागत नाही. तू माझ्या आधी उठतोस. शेवटी झालास बाबा मोठा."

हे म्हणताना तिच्या आवाजात कौतुक होतं. कौतुकाखाली आणखीही काही होतं, पण ते तोलण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता.

"हे सगळं मी..." तो म्हणाला.

"तू काय?"

"काही नाही. तिथे थंडी असेल. स्वेटर ने."

*

सकाळी तो नेहमीसारखा आधी उठला. आधण ठेवलं, लहान दिवा लावला. मग दाराशी गेला आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

फार करायचं नव्हतं. किल्ली पावाच्या डब्यात टाकायची. एक मोजा खुर्चीमागे टाकायचा. आणि 'ताई, माझी किल्ली?' असं मोठ्याने म्हणायचं. बाकीचं ताई करणार होती. ती येईल, ओरडेल, कप्पे उघडेल, चहा उतू जाईल, आणि तिला कळेल की नाही, हा अजून तोच आहे, याला सोडून जाता येणार नाही. फोन होणार नाही. इतकं सोपं होतं ते. त्याने डबा उघडला, किल्ली आत ठेवली आणि झाकण लावलं.

ताई आली. टेबलाशी बसून तिने पट्टा बांधला. यंत्र चालू असताना बोलायचं नसतं म्हणून तो थांबला. ती डोळे मिटून बसली होती, पाठ टेकलेली, तळहात उताणा. काचेच्या पेटीतला नाजूक काटा असतो ना, ज्याला श्वाससुद्धा चालत नाही, तो हळूहळू डोलणं थांबवत मध्यावर यावा, तसा तिचा चेहरा होत होता. इतका निवांत चेहरा त्याने तिचा कधी पाहिला नव्हता. किंवा पाहिला असेल, फार पूर्वी, आई असताना. यंत्र थांबलं. ताईने डोळे उघडून आकडा पाहिला आणि वाचला नाही. नुसती हसली.

त्याचा हात डब्यावरच होता. त्याने खाली पाहिलं तर अंगठा झाकणाच्या कडेवर दाबलेला होता.

त्याने तो उचलला. मग झाकण उघडून किल्ली मुठीत घेतली.

"पावाच्या डब्यात काय बघतोयस?" ताईने विचारलं.

"पाव."

"आहे ना?"

"आहे."

तो दाराशी गेला आणि किल्ली खिळ्यावर अडकवली. चहा झाल्यावर ताईने फोन केला. पलीकडून मैत्रिणीचा ओरडण्याचा आवाज इकडेपर्यंत आला, आनंदाचा. फोन ठेवून ताई त्याच्याकडे वळली.

"तू काही बोलला नाहीस," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"नाही, काही नाही," ती म्हणाली, आणि कप विसळायला उठली. तो त्याने फोन चालू असतानाच विसळून ठेवला होता.

*

ताई गेल्यावर घरातल्या सकाळी बिघडतील असं त्याला वाटलं होतं. त्या बिघडल्या नाहीत. घड्याळ उशीखाली वाजे, तो उठे, बिजागरी गप्प राही, खुर्ची गप्प राही. चहा एक कप. सगळं इतकं लवकर आटपे की तो बूट घालून, पेटी पायाशी घेऊन टेबलाशी बसून राही, बाहेर उजाडायची वाट बघत. कधी वरच्या मजल्यावर कुणाचं तरी भांडं पडे, मग कुणीतरी कुणावर तरी ओरडे, आणि तो मान वर करून ते सगळं संपेपर्यंत ऐके.

एकदा आंघोळीहून येताना तो बोळात थांबला आणि "उठलो" असं म्हणाला. मोठ्याने म्हणाला. मग टॉवेल वाळत घातला.

ताईचे फोन येत, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी. ते चांगले फोन असत. बीपी चांगलं होतं, तळ्यावर बगळे होते, मैत्रीण घोरत होती. "तू कसा आहेस?" "बरा आहे." "वेळेवर उठतोस ना?" "हो." मग ताई म्हणे, "शहाणा आहेस," आणि दोघंही पुढचं वाक्य शोधत राहत. ते सापडायच्या आत फोन संपे. 'गोग्या' ती म्हणे, पण फोनवर त्या नावाला उगीचच सभ्यपणा आलेला असे.

बेकरीवाल्याने एकदा विचारलं, "ताई गेल्या म्हणे? आता घरात शांतताच शांतता."

"हो," तो म्हणाला, आणि पारडं पुसलं.

मग एक दिवस सकाळीच फोन वाजला. सुट्टीचा दिवस नव्हता. तो बूट घालून, दुसऱ्या चहाचं आधण ठेवून बसलेला होता. फोन उचलताच ताईचा आवाज आला, आणि त्या आवाजात काही सभ्य नव्हतं.

"गोग्या, माझी सुरी कुठे आहे?"

"कुठली?"

"कुठली म्हणजे? मेणाची. लाकडी मुठीची. सगळ्या पिशव्या उलट्या केल्या, कुठे नाही. इतके दिवस इथल्या सुरीने भागवलं, पण ती हातात बसत नाही माझ्या. सगळे दात तिरके लागताहेत. एका आजोबांची कवळी द्यायची आहे आज. बघ बरं घरात."

"तू विसरलीस?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. ताईकडून कुठली वस्तू राहिल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं.

"मी कशाला विसरेन? तूच हलवली असशील, तुझ्या त्या आवराआवरीत. ओट्याखालचा कप्पा बघ आधी. फोन ठेवू नकोस, शोधत शोधत बोल."

त्याने फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. स्वयंपाकघर एकदम भरून गेलं. त्याने कप्पा उघडला.

"इथे चमचे आहेत."

"चमच्यांच्या खाली बघ. बघितलंस? वरवर नको बघू. डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून, नाहीतर..."

"चिकटलेलं आहे अजून."

"जास्त बोलू नकोस. वरचं फडताळ बघ. स्टुलावर चढ. आणि सांभाळून, पाय डुगडुगतो त्याचा."

स्टुलाच्या पायांना त्याने बनात लावली नव्हती. स्टूल फरशीवरून किंचाळत सरकलं. ताई तिकडून म्हणाली, "काय रे पाडलंस?" तो म्हणाला, "काही नाही." स्टुलावर चढून त्याने फडताळात हात घातला, मान वळवली, आणि तिथूनच त्याला सुरी दिसली. खिडकीच्या चौकटीवर, पडद्याच्या घडीत, लाकडी मूठ तेवढी बाहेर. संध्याकाळी ताई तिथे उजेडाला बसून काम करत असे. सुरी अगदी तिच्या जागी होती.

"सापडली का?" ताईने विचारलं.

ओट्यावर चहाचं आधण चढून कडेपर्यंत आलं होतं. त्याला निघायला हवं होतं. औषधांच्या कारखान्यात आज मोठा काटा तपासायचा होता. तो स्टुलावरून उतरला, खिडकीपाशी गेला, आणि मुठीवर अलगद अंगठा ठेवून उभा राहिला.

"गोग्या, अरे बोल ना. सापडली का?"

"बघतोय, ताई," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने शेजारचा कप्पा ओढून उघडला, चांगला आवाज होईल असा.

"तो नाही रे, त्याच्या खालचा," ताई म्हणाली.

मागे चहा उतू गेला.